रीडिंग खोडायला लावू नका: इंदूरच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांना खुलं पत्र

आदरणीय सर, आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

इंदुरात आणि आसपासच्या महाविद्यालयांत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या, प्रात्यक्षिकं घेणाऱ्या आणि दरवर्षी बाह्य परीक्षक म्हणून गावोगावी जाणाऱ्या आपणा सर्वांना हे पत्र आहे. मी आपल्यातलीच. याच शहरात बीएस्सी, एमएस्सी केलं आणि पुढे अकरा वर्षं अतिथी विद्वान म्हणून, म्हणजे तात्पुरत्या नेमणुकीवरची प्राध्यापक म्हणून, प्रयोगशाळा सांभाळली. वर्गात आपण हिंदीत शिकवतो. पण आपल्यापैकी बऱ्याच जणांचं घर रामबागेत, लोकमान्य नगरात, नाहीतर माझ्यासारखं राजेंद्रनगरात आहे, आणि मनातलं बोलायचं तर मला मराठीतच बोलता येतं, म्हणून मराठीत लिहिते आहे. कोणत्या कॉलेजात काय घडलं त्याची नावं घालत नाही. नावं घातली की ते एका कॉलेजाचं प्रकरण होईल, आणि हे तसं नाही हे आपल्याला माझ्याइतकंच ठाऊक आहे.

मागणं एवढंच आहे: विद्यार्थ्याला प्रयोगात जे रीडिंग आलं, ते फाइलमधून खोडायला लावू नका.

हे मी का मागते आहे ते सांगायचं, तर माझ्या हातून झालेली एक गोष्ट आधी सांगावी लागेल.

बीएस्सीच्या मुलांना न्यूटनच्या वलयांचा प्रयोग होता. आपल्याला तो झोपेतही मांडता येईल. सोडियमचा दिवा लावायचा, तो लालसर गुलाबी असतो तो हळूहळू पिवळा होईपर्यंत थांबायचं, सपाट काचेवर लेन्स ठेवायची आणि मायक्रोस्कोपमधून ती गडद-उजळ वलयं मोजत जायचं. खोलीला पडदे, डोळ्यांतून पाणी, आणि मध्येच कुणी टेबलाला धक्का दिला की मोजणी पहिल्यापासून. वलयांच्या व्यासांवरून आणि लेन्सच्या वक्रता त्रिज्येवरून (लेन्सचा फुगीर भाग ज्या गोलाचा तुकडा, त्या गोलाच्या त्रिज्येवरून) सोडियमच्या प्रकाशाची तरंगलांबी निघते. पुस्तकात ती ५८९३ अँगस्ट्रॉम. आमच्या लेन्सच्या लाकडी पेटीवर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं, त्रिज्या १०० सेंटिमीटर.

त्या बॅचच्या पंचवीस फायली माझ्या टेबलावर आल्या. चोवीस जणांचं उत्तर ५८८० आणि ५९०० यांच्यामधलं. पंचविसावी फाइल देपालपूरकडून रोज बसने येणाऱ्या एका मुलीची. तिचं उत्तर ६७१०. निळ्या शाईत, न खोडता, खाली दोन ओळी मारलेलं. मी तिला बोलावलं. ती म्हणाली, "मैडम, यही आ रहा है. तीन बार किया." मी लाल पेनाने पानावर 'दुरुस्त करके लाओ' असं लिहिलं आणि फाइल परत दिली. दोन दिवसांनी तिने ती आणली. आकड्यांवर व्हाइटनर फासलेलं होतं आणि त्यावर ५८९३ लिहिलेलं. मी सही केली.

पुढच्या वर्षी परीक्षेआधी मीच तो प्रयोग मांडायला बसले, कारण बाह्य परीक्षक काटेकोर आहेत असं कानावर आलं होतं. माझं उत्तर आलं ६७४०. पुन्हा केलं. ६७२०. मग मात्र मी लेन्सच काढली. स्फेरोमीटरने मोजली, मग गच्चीवर जाऊन उन्हात धरली, कागदावर सूर्याचा ठिपका सर्वांत बारीक कुठे होतो ते टेपने मोजलं. दोन्हींचं म्हणणं एकच निघालं. त्रिज्या १०० नव्हती, ११५ च्या आसपास होती. लॅबवाल्या भैयांना विचारलं तर ते सहज म्हणाले, "वो पुराना लेंस तो तीन साल पहले टूट गया था मैडम, दूसरा लगा दिया था." पेटी जुनीच राहिली, पेटीवरचा आकडाही जुनाच राहिला.

म्हणजे काय झालं ते आपल्या लक्षात आलंच असेल. १०० ही त्रिज्या धरून त्या लेन्सवर प्रामाणिकपणे मोजणाऱ्या कुणालाही ५८९३ येणंच शक्य नव्हतं. चोवीस मुलांनी लिहिलेले व्यास आधीच्या बॅचच्या फायलींतून उतरले होते, त्या फायलींत त्याआधीच्या, आणि मूळचे आकडे एका फुटलेल्या लेन्सचे. जी लेन्स प्रयोगशाळेत उरली नव्हती, तिची वलयं आमची पोरं तीन वर्षं मोजत होती आणि मी त्यांना पैकीच्या पैकी देत होते. त्या मुलीचं ६७१० खऱ्या त्रिज्येने पुन्हा काढलं तर येतं ५८३५. एका टक्क्याची चूक. जुना मायक्रोस्कोप, पहिल्यांदाच तो हाताळणारी मुलगी, आणि एका टक्क्याची चूक! वर्गातलं ते एकमेव खरं मापन होतं आणि मी त्यावर व्हाइटनर लावायला लावलं.

मी तिला शोधून हे सांगितलं. ती तेव्हा बीएड करत होती. ऐकून ती म्हणाली, "मैडम, मैंने तो आँखें भी चेक करवा ली थीं."

हे वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

आता कुणी म्हणेल, तू लेन्स तपासली नाहीस, दोष तुझा. आहेच. पण 'उत्तर पुस्तकाशी जुळव' हे मी शिकले कुठे? मीही ते अशाच एका टेबलाशी शिकले. १९९४ साली मी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होते. बार पेंडुलमचा प्रयोग: मीटरभर लांबीचा भोकं पाडलेला लोखंडी दांडा, तो एकेका भोकातून सुरीधारेवर टांगायचा, २० झोक्यांचा वेळ घ्यायचा, आलेख काढायचा आणि गुरुत्व त्वरण, म्हणजे आपल्या भाषेत 'जी', मोजायचा. स्टॉपवॉच चावीचं होतं आणि त्याचं बटण घट्ट होतं, दाबताना अंगठ्याला वळ पडायचा. आम्हा तिघींच्या गटाचा जी आला ९७२ (सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग). सरांनी फाइल बघितली आणि बघता बघताच म्हणाले, "नौ सौ इक्यासी लाओ." कसं आणायचं हे सीनियर मुलींनी दाखवलं. उत्तरापासून सुरुवात करायची आणि मागे मागे जायचं. २० झोक्यांच्या वेळेतून कुठे ०.१, कुठे ०.२ सेकंद कमी करत गेलो आणि अर्ध्या तासात ९८१ तयार झालं. आलेख फ्रेंच कर्व्हने इतका सुबक काढला होता की सरांनी तो दुसऱ्या गटाला दाखवला.

कितीतरी वर्षांनी मी एकदा बसून इंदूरचा जी काढला. आपलं शहर साधारण २२.७ अंश अक्षांशावर आणि समुद्रसपाटीपासून ५५० मीटर उंचीवर आहे. पृथ्वी विषुववृत्ताकडे फुगलेली आहे आणि ती स्वतःभोवती फिरते, म्हणून ध्रुवावर ९८३ असणारा जी विषुववृत्तावर ९७८ होतो. त्यात आपण माळव्याच्या पठारावर, म्हणजे आणखी थोडा कमी. हिशेब केला तर इंदूरचा जी ९७८.६ ते ९७८.७ च्या घरात येतो. ९८१ हा आकडा लंडन-पॅरिसच्या बाजूचा. आम्ही खोटी आकडेमोड करून जे 'बरोबर' उत्तर आणलं होतं, ते आमच्या प्रयोगशाळेच्या जमिनीवर बरोबर नव्हतंच. तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षं या शहरातली मुलं घाम गाळून दुसऱ्याच देशाचं गुरुत्वाकर्षण फाइलमध्ये लिहीत आली आहेत.

आणि आमचं ९७२? ते साडेसहा-सातने कमी का आलं? याचं उत्तर मला आज देता येतं, तेव्हा कुणी विचारलंच नाही. आम्ही दांडा हौसेने चांगला लांब ओढून सोडत होतो. सूत्र लिहिताना आपण झोका अगदी लहान आहे असं धरतो. झोका १५ अंशांचा असला तर आवर्तनकाल, म्हणजे एका पूर्ण झोक्याचा वेळ, जवळजवळ ०.४ टक्क्याने वाढतो आणि जी त्याच्या दुपटीने, ०.८ टक्क्याने, कमी येतो. आमची तूट ०.७ टक्क्याची होती. झोका हळूहळू मंदावतो हे धरलं तर हिशेब जवळपास तंतोतंत बसतो. सर त्या दिवशी नुसतं एवढं जरी म्हणाले असते, "कम क्यों आया, सोचो," तरी १८ वर्षांच्या तीन मुलींनी लहान कोनाची अट स्वतःच्या हाताने शोधून काढली असती. ती अट आम्ही लेखी पेपरात दर वर्षी पाठ करून लिहिली. ती आमच्याच फाइलमध्ये बसलेली आहे हे आम्हाला कळलंच नाही, कारण ती आम्ही खोडली होती.

आपण वर्गात सांगतो त्या इतिहासातच याचा दाखला आहे. १६७२ साली झां रिशे हा फ्रेंच खगोलज्ञ दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या केयेनला गेला होता. पॅरिसमध्ये बिनचूक चालणारं लंबकाचं घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. लंबक जवळजवळ तीन मिलिमीटरने आखूड करावा तेव्हा कुठे वेळ जुळायची. पॅरिसच्या मोठ्या विद्वानांना आपलं रीडिंग चुकीचं वाटेल, म्हणून त्याने ते गुपचूप जुळवून टाकलं असतं तर? त्याने जे दिसलं ते लिहिलं. न्यूटनने १६८७ च्या ग्रंथात त्या नोंदीचा आधार घेऊन पृथ्वी विषुववृत्तावर फुगलेली आहे असं मांडलं. म्हणजे आपण फळ्यावर 'अक्षांशानुसार जी बदलतो' हे शिकवतो, ते एका न जुळलेल्या लंबकामुळे. आणि त्याच फळ्याखालच्या टेबलावर आपण मुलांना लंबक जुळवायला लावतो.

हे का होतं हेही मला माहीत आहे, आणि त्यात आपल्याला नुसतं दोषी धरणं अन्याय होईल. चाळीस मुलं, चार मांडण्या, दोन तास. त्यातला एक मायक्रोस्कोप दुरुस्तीला गेलेला. अतिथी विद्वानाला पुढच्या सत्रात बोलावतील की नाही याचीच खात्री नाही, तो लेन्सची त्रिज्या कधी मोजणार? २०२१ पासून मध्य प्रदेशात नवं शैक्षणिक धोरण आलं, मेजर, मायनर, व्यावसायिक विषय, प्रकल्प असे कागद वाढले, टेबलं तेवढीच राहिली. परीक्षेच्या दिवशी बाह्य परीक्षकाला संध्याकाळची गाडी गाठायची असते. उत्तर जुळलेलं असलं की तपासणं सोपं, न जुळलेलं असलं की विचार करावा लागतो आणि विचाराला वेळ लागतो. मुलंही भंवरकुआंच्या कोचिंगमधून आलेली असतात, तिथे दोन वर्षं त्यांना चार पर्यायांतून एक बरोबर उत्तर निवडायची सवय लागलेली असते. उत्तर आधीच कुणाला तरी माहीत आहे आणि आपण फक्त तिथे पोचायचं आहे, हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. ते घालवायची एकच जागा आहे, आपली प्रयोगशाळा. आणि तिथेच आपण ते पक्कं करतो.

माझ्या घरापासून रिक्षाने थोड्या अंतरावर राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राचं फाटक आहे. १९८४ साली या केंद्राचा पाया घातला गेला. आत इंडस-२ नावाच्या १७२ मीटर परिघाच्या वर्तुळात इलेक्ट्रॉन सेकंदाला १७ लाखांहून जास्त फेऱ्या मारतात आणि वळताना जे क्ष-किरण फेकतात त्यांच्यावर देशभरातले संशोधक येऊन प्रयोग करतात. खंडवा रोडवर विद्यापीठाच्या परिसरातच विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभागाच्या संशोधन संघाचं केंद्र आहे. २००९ साली सुरू झालेली आयआयटी आता सिमरोलला आहे. भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलाला एका शहरात याहून जास्त काय हवं? पण तिथे पोचलेल्या मुलासमोर यंत्र पहिल्यांदा जो आलेख काढतं, त्याच्याशी ताडून बघायला सीनियरची फाइल नसते. नमुना बिघडला आहे की यंत्र, की खरंच काही नवीन दिसतंय, हे त्याचं त्यालाच ठरवायचं असतं. तीन वर्षं ०.१ सेकंद इकडे-तिकडे करायला शिकलेला मुलगा तिथे दोनच गोष्टी करू शकतो: घाबरून गप्प बसणं किंवा पुन्हा जुळवणं. माझ्या ओळखीची अशी हुशार मुलं आहेत जी एमएस्सीनंतर हा विषयच सोडून बँकेच्या परीक्षांकडे वळली. त्यातल्या एकाने मला सांगितलं, "मैडम, मुझे लगता था सबका आता है, बस मेरा नहीं आता." सगळ्यांचं येत नव्हतंच. हे त्याला कुणी वेळेवर सांगितलं नाही.

म्हणून हात जोडून सांगते, या सत्रापासून काही गोष्टी करून बघा. यातल्या बहुतेकांना ना वरून परवानगी लागते, ना पैसा.

प्रयोगशाळेत आकडे पेनानेच लिहायला सांगा, तिथल्या तिथे, आणि दिवसाच्या शेवटी त्या कच्च्या पानावर शिक्का मारा. पक्की फाइल घरी लिहून आणली तरी कच्चं पान तिला टाचलेलं असू द्या. चूक झाली तर एक रेघ मारून बाजूला नवा आकडा, खालचा वाचता आला पाहिजे. व्हाइटनर दिसला की तो आकडा धरायचा नाही, एवढा एकच नियम केलात तरी निम्मं काम होईल.

दुसरं, मुलांना देता त्या प्रयोगाच्या पत्रकातून 'प्रमाण किंमत' काढून टाका. ती हवीच असेल तर ज्याचं मापन पूर्ण झालं त्यालाच नंतर सांगा. आणि जीची किंमत सांगायचीच तर इंदूरची सांगा.

दर वर्षी सत्र सुरू होताना पहिल्या आठवड्यात पेट्यांवरचे आकडे मुलांकडूनच पुन्हा मोजून घ्या. लेन्सची त्रिज्या, ग्रेटिंगवरच्या रेघा, दांड्याची लांबी, रोधाच्या पेटीतला प्रत्येक रोध. हाच एक प्रयोग समजा. आमच्या त्या पेटीवर आता ११५ लिहिलेलं आहे, खाली तारीख आहे, आणि ज्या दोघांनी मोजलं त्यांच्या सह्या आहेत. ती मुलं ती पेटी बघायला अधूनमधून येतात.

परीक्षकांना माझी वेगळी विनंती आहे. मौखिक परीक्षेत 'जीची व्याख्या सांगा' हे विचारायच्या आधी फाइलमधल्या त्यांच्याच आकड्यावर बोट ठेवा आणि विचारा, "हा असा का आला?" ज्याला कारण सांगता येईल त्याला मार्क द्या, मग उत्तर कितीही लांबचं असो. ज्याचं उत्तर पुस्तकाशी शेवटच्या आकड्यापर्यंत जुळतं त्याला तर हा प्रश्न आधी विचारा. फाइल जुळणारी नसली म्हणून मार्क कापणं बंद करा. हे गुपित वर्षभरात सगळ्या कॉलेजांत पसरेल. मार्क कुठे मिळतात हे मुलांना आपल्याआधी कळतं, ही त्यांची सवय एकदा चांगल्या कामाला लावून बघू या.

आणि अभ्यास मंडळावर जे आहेत त्यांना: उत्तर बरोबर आलं म्हणून जे मार्क दिले जातात ते मापनात किती चूक असू शकते याचा अंदाज मांडण्याला द्या. आपल्या साधनाने किती चूक होऊ शकते हे विद्यार्थ्याने आधी लिहावं, आलेलं उत्तर त्या मर्यादेत बसतं का ते तपासावं, बसत नसेल तर कारण शोधावं. ९७२ अधिक-उणे ८ असं लिहिणारी मुलगी ९८१ लिहिणारीपेक्षा जास्त भौतिकशास्त्र जाणते.

२८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो. रमण परिणामाच्या शोधाचा तो दिवस, १९२८ सालचा. त्या दिवशी आपल्याकडे रांगोळी स्पर्धा, पोस्टर स्पर्धा आणि भाषणं होतात. त्याला माझा विरोध नाही, पोरांना ते आवडतं. पण येत्या २८ तारखेला प्रत्येक कॉलेजाने सकाळपासून एकच काम करावं असं मला फार वाटतं: इंदूरचा जी मोजायचा. ज्याच्याकडे बार पेंडुलम आहे त्याने त्याने, ज्याच्याकडे केटरचा लंबक (जी मोजायचाच दुसरा एक लंबक) आहे त्याने त्याने, नाहीतर दोऱ्याला लोखंडी गोळा बांधून. विद्यार्थी, प्राध्यापक, लॅबवाले भैया, सगळ्यांनी. आलेला प्रत्येक आकडा, न जुळवता, व्हरांड्यातल्या एका मोठ्या आलेखकागदावर ठिपका म्हणून मांडायचा. संध्याकाळी सगळ्या कॉलेजांचे कागद शेजारी शेजारी ठेवून बघू, ठिपके ९७८ च्या भोवती गर्दी करतात की ९८१ च्या.

मला बोलावलंत तर मी येईन, कुठल्याही कॉलेजात, स्वतःचं स्टॉपवॉच घेऊन. मला तो दांडा पुन्हा एकदा टांगायचा आहे. या वेळी झोका चार अंशांच्या वर जाऊ देणार नाही.

आपली नम्र,
एक माजी अतिथी विद्वान
राजेंद्रनगर, इंदूर